‘भाई’ म्हणजे सख्खा की चुलत?

(वाचकांचे प्रश्न)

मागच्या अंकात मी माझ्या कामाबद्दल दोन पानं लिहिली होती. ब्रिटनमध्ये आश्रय मागायला आलेल्या माणसांच्या सरकारी मुलाखती होतात, त्यांत उर्दू आणि हिंदीची दुभाषी म्हणून मी १९ वर्षं बसते आहे. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या काहींना उत्तरं देते.

एक गोष्ट आधीच सांगते. मुलाखतीच्या खोलीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, ही आमच्या कामाची अट आहे आणि ती मला मनापासून मान्य आहे. त्यामुळे कुणा एका माणसाची कहाणी इथे मिळणार नाही. कामाची पद्धत, भाषेतल्या अडचणी आणि मला जे वाटतं ते मोकळेपणाने लिहिते.

प्रश्न: टीव्हीवर रबरी बोटीतून उतरणारी माणसं दिसतात आणि बातमी संपते. पुढे त्यांचं काय होतं? (निवृत्त शिक्षक, परभणी)

सर, तुम्ही माझ्याच गावचे. मी परभणीची, उर्दू शिकले ती शेजारच्या फातिमा आपांच्या ओट्यावर.

बोट फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघते. कॅले ते डोव्हर हा समुद्राचा पट्टा सर्वांत अरुंद ठिकाणी साधारण ३३ किलोमीटर आहे. मध्ये कुठेतरी ब्रिटनच्या सीमा दलाची नौका किंवा जीवरक्षक बोट माणसांना उचलते आणि डोव्हर बंदरात आणते. ओले कपडे बदलायला देतात, डॉक्टरची गरज आहे का ते बघतात. तिथून बसने मॅन्स्टनला नेतात. केंट परगण्यातला हा जुना लष्करी तळ, २०२२च्या सुरुवातीपासून या कामासाठी वापरात आहे. तिथे फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. माणसाने तिथे एखादा दिवस थांबावं आणि पुढे जावं, अशी मूळ कल्पना होती. जागा होती सुमारे १६०० माणसांची. २०२२च्या शरद ऋतूत तिथे ४००० च्या आसपास माणसं साठली, कित्येक जण आठवडे न् आठवडे तंबूंमध्ये जमिनीवर झोपले, घटसर्पाची लागण झाली. घटसर्प! आपल्याकडे बाळाला लस देऊन आपण ज्याची आठवणही ठेवत नाही, तो रोग. त्या वर्षी बोटींतून ४५ हजारांहून जास्त माणसं आली होती हे खरं. पण ती येणार हे उन्हाळ्यातच दिसत होतं.

मग पहिली छोटी मुलाखत होते, तिला स्क्रीनिंग म्हणतात. नाव, जन्मतारीख, देश, कुठल्या वाटेने आलात, तब्येत, आणि का आलात ते थोडक्यात. बहुतेक वेळा दुभाषी फोनवर असतो. समोरचा माणूस दोन रात्री झोपलेला नसतो. ‘थोडक्यात सांगा’ म्हटलं की तो खरोखर थोडक्यात सांगतो, आणि ते थोडक्यातलं उत्तर पुढे कित्येक वर्षं त्याच्या फायलीत राहतं. हे लक्षात ठेवा, पुढच्या उत्तरात लागेल.

त्यानंतर वाट बघणं. राहायला हॉटेलची खोली किंवा कुठल्या तरी गावातलं सामायिक घर, आणि हाताशी एक कार्ड. स्वतः स्वयंपाक करायचा असेल तर आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स, हॉटेलात जेवण मिळत असेल तर १० पौंडांच्याही आत. त्यातून बसभाडं, फोन, साबण, मुलांचे हट्ट. काम करायला बंदी. १२ महिने उलटले आणि उशीर त्याच्यामुळे झालेला नसेल, तर परवानगीसाठी अर्ज करता येतो, तोही सरकारी यादीतल्या मोजक्या कामांसाठीच. मग एक दिवस मोठ्या मुलाखतीचं पत्र येतं. ती तीन तास चालते, कधी पाच. मी तिथे असते.

प्रश्न: ही माणसं खोटं बोलत नाहीत का? आणि अधिकाऱ्याला खरं-खोटं कळतं कसं? (वाचक, मुलुंड)

काही बोलतात. १९ वर्षांत मला पाठ केलेलं उत्तर ऐकू यायला लागलंय, कारण पाठ केलेल्यात वास, रंग, आवाज नसतात. पण ठरवणं माझं काम नाही, आणि माझ्या कानावर माझा एवढा विश्वासही नाही. खूप मार सोसलेला माणूसदेखील कधी कधी सपाट आवाजात, पाठ केल्यासारखं बोलतो.

अधिकारी काय करतो, तर ताळा घेतो. स्क्रीनिंगला काय सांगितलं, आज काय सांगितलं, कागदात काय आहे, त्या देशाबद्दलच्या सरकारी टिपणात काय आहे. जुळलं तर विश्वास, नाही जुळलं तर ‘विसंगती’. पद्धत म्हणून यात चूक नाही. दुखणं वेगळीकडे आहे. ताळा घेतला जातो तो इंग्रजी शब्दांचा, आणि माणूस तर ते शब्द बोललेलाच नसतो. ते आमचे असतात, दुभाष्यांचे.

‘भाई’ घ्या. आपण मराठीतही आत्येभावाला, मावसभावाला सरळ भाऊच म्हणतो. पंजाबात, सिंधमध्ये तेच. पहिल्या मुलाखतीतल्या दुभाष्याने ‘माझ्या भावाला मारलं’ असं इंग्रजीत सांगितलं. आठ महिन्यांनी दुसरा दुभाषी अधिक काटेकोर निघाला, त्याने ‘चुलतभाऊ’ म्हटलं. फायलीत आता एक सख्खा भाऊ मेलेला आहे आणि एक चुलत. अधिकारी विचारतो, नक्की कोण? माणूस गोंधळतो, कारण त्याच्या मनात मेलेला एकच आहे.

ही चूक मी स्वतः केली आहे. कामाला लागून दोन वर्षं झाली होती. अर्ध्या तासानंतर वंशावळ पुढे आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी हात वर केला, ‘दुभाष्याला खुलासा करायचा आहे’ म्हणाले आणि चूक माझी आहे हे नोंदवायला लावलं. त्या अधिकाऱ्याने ते नीट लिहून घेतलं. पण त्या रात्री मी माझ्या जुन्या वह्या काढून बसले. आधीच्या दोन वर्षांत किती ‘भाई’ माझ्या तोंडून तसेच गेले असतील? वह्यांतून ते कळणं शक्य नव्हतं. तेव्हापासून मी दर वेळी परवानगी घेऊन विचारते: सख्खा, चुलत, मामे, की मानलेला?

‘कल’ हा दुसरा. काल आणि उद्या, दोन्ही. क्रियापदावरून कळतं म्हणाल, पण रडता रडता वाक्य अर्धं सोडणारा माणूस क्रियापदापर्यंत पोचतच नाही. आपल्या मराठीत काल-उद्या वेगळे आहेत, मात्र ‘परवा’ची तीच गत.

आणि तारखा. आपल्या आजोबांची जन्मतारीख कागदावर १ जून असायची, आठवतं? शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. माझ्या वडिलांची आणि दोन्ही काकांची जन्मतारीख १ जूनच होती. वर्षं वेगळी, एवढंच. अफगाण माणसांच्या कागदावर तशीच १ जानेवारी असते. त्यांचं वर्ष आपल्या पाडव्याच्या आसपास, वसंतात सुरू होतं. त्यांचं १४०० साल म्हणजे आपलं मार्च २०२१ ते मार्च २०२२. पेशावरच्या छावणीत वाढलेली, उर्दू बोलणारी अफगाण मुलं माझ्यासमोर येतात. वय किती विचारलं तर ‘आई म्हणायची, मोठा बर्फ पडला त्या हिवाळ्यातला’. त्या उत्तरावर तो १८च्या आतला की बाहेरचा हे ठरायचं असतं. आतला ठरला तर मुलांच्या घरात आणि शाळेत, बाहेरचा ठरला तर अनोळखी प्रौढ पुरुषांबरोबर एका खोलीत. वय ठरवताना शंकेचा फायदा मुलाला मिळायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. वीस वर्षांचा तरुण वर्गात बसला तर नुकसान होतं, पण पंधरा वर्षांचं पोर प्रौढांच्या खोलीत गेलं तर ते भरून निघत नाही.

हे सगळं नीट व्हावं म्हणून सोयी आहेत. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण होतं. बाई अधिकारी, बाई दुभाषी मागता येते. दुभाष्याची भाषा समजते आहे ना, हे सुरुवातीला विचारतात आणि नंतर मुलाखतीची प्रत देतात, चुका कळवायला थोडे दिवस मिळतात. या सोयी वापरायला शेजारी वकील लागतो, आणि सरकारी खर्चाने काम करणारे वकील दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहेत.

प्रश्न: आम्ही रीतसर व्हिसा काढून, लाखो रुपये फी भरून इथे आलो. आरोग्य सेवेचा अधिभार दरवर्षी माणशी १०३५ पौंड भरतो. आणि हे रांग मोडून येतात. तुम्हाला यात काहीच अन्याय दिसत नाही? (वाचक, लेस्टर)

तुमची फी अवाच्या सवा आहे, हे मी मान्य करते. मीही भरली आहे. पण ज्या रांगेबद्दल तुम्ही म्हणता ती रांगच नाही.

ब्रिटनच्या कायद्यात आश्रयाचा अर्ज ब्रिटनच्या भूमीवर पाय ठेवल्यावरच करता येतो. दिल्लीतल्या, इस्लामाबादच्या वकिलातीत तो घेत नाहीत. आश्रयासाठी व्हिसा नावाची चीज नाही. मग कॅलेला ब्रिटिश अधिकाऱ्यापुढे जाऊन मागावा? ब्रिटन आणि फ्रान्समधल्या २००३च्या ल तुके करारानुसार ब्रिटनचे अधिकारी फ्रान्सच्या बंदरातच पासपोर्ट तपासतात, पण तिथे आश्रय मागता येत नाही. सीमा पलीकडच्या काठावर नेली, अर्जाची खिडकी मात्र अलीकडेच ठेवली. मधला समुद्र कसा ओलांडायचा, हे तस्करांच्या हातात गेलं. २०२२ साली युक्रेनच्या लोकांसाठी व्हिसा काढले, तेव्हा त्यांना रबरी बोटीत बसावं लागलं नाही. खिडकी उघडली की माणसं खिडकीवर जातात.

फ्रान्समध्येच का थांबत नाहीत, हे तुम्ही विचारणार. बरेच थांबतात. ब्रिटनपेक्षा फ्रान्स आणि जर्मनीत जास्त अर्ज होतात. उरलेल्यांचा भाऊ बर्मिंगहॅममध्ये असतो, किंवा शाळेत शिकलेली परकी भाषा एकच असते, इंग्रजी.

देशाने आपली सीमा राखू नये असं माझं म्हणणं नाही. आलेल्या प्रत्येकाला तपासावं, ज्याची भीती खरी नाही त्याला परत पाठवावं. मात्र तपासून. न तपासताच रवांडाला पाठवायची योजना २०२२च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. तिथून माणसांना पुन्हा त्यांच्या छळाच्या देशात ढकललं जाण्याचा धोका आहे, म्हणून १५ नोव्हेंबर २०२३ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. सरकारने कायदा करून निकालाला वळसा घातला, २०२४च्या जुलैमध्ये नव्या सरकारने ती योजनाच गुंडाळली. त्या वर्षांत हजारो अर्ज जागच्या जागी पडून राहिले, आणि त्यांचा हॉटेलखर्च तुमच्या-माझ्या करातून गेला. तुमचा राग तिथे असायला हवा.

प्रश्न: ताई, माझ्या भाच्यासाठी एक एजंट १८ लाख मागतो आहे. फ्रान्सपर्यंत व्हिसावर, पुढे बोट. पोचल्यावर ‘जिवाला धोका आहे’ म्हणायचं, लागतील ते कागद तो देणार. सहा महिन्यांत वर्क परमिट. माझी बहीण शेत विकायला निघाली आहे. (भगिनी, जळगाव जिल्हा)

शेत विकू देऊ नका. हे पत्र वाचून झाल्यावर लगेच बहिणीला फोन लावा.

सहा महिन्यांत वर्क परमिट हे धादांत खोटं आहे. वर लिहिलंय, वर्षभर कामच करता येत नाही. भारत ब्रिटनच्या ‘सुरक्षित देशां’च्या यादीत आहे. भारतीयाचा अर्ज ‘उघडच निराधार’ ठरवला, तर अपिलाची वाटही उरत नाही. नकाराच्या पत्रात एक ठरलेला परिच्छेद असतो: भारत मोठा देश आहे, तुम्ही दुसऱ्या राज्यात जाऊन राहू शकता. व्हिसाशिवाय असं येऊन पोचणं हाच २०२२पासून गुन्हा आहे, चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बोटीचं इंजिन हाती धरणाऱ्याला तर त्याहून मोठी शिक्षा. ते इंजिन पैसे कमी पडलेल्या पोराच्याच हातात देतात, तस्कर स्वतः बोटीत बसत नाही.

२४ नोव्हेंबर २०२१ला याच समुद्रात एक बोट उलटली. किमान २७ माणसं गेली. ती मदतीसाठी फोन करत होती, आणि दोन देशांमध्ये हद्द कोणाची यावर वेळ गेला.

एजंटने बनवलेल्या कागदांबद्दल. त्याच्याकडचा एफआयआरचा कागद शंभर जणांना एकाच साच्यातला विकलेला असतो. अधिकाऱ्यांनी तो साचा शंभरदा पाहिलेला असतो. मग ज्याच्यावर खरोखर गुन्हा घातला गेलाय, जो अहमदी म्हणून (पाकिस्तानात छळ होणारा हा एक पंथ), पत्रकार म्हणून, समलिंगी म्हणून जीव मुठीत धरून आलाय, त्याच्या खऱ्या कागदाकडेही संशयाने बघतात. हे मी समोर बसून पाहिलंय, आणि मला त्याचा फार त्रास होतो.

भाच्याला खरंच कुणापासून धोका असेल, समजा आंतरजातीय लग्न आहे आणि घरचे जिवावर उठलेत, तर ते मला पुन्हा लिहा. त्यासाठी २०१८ साली शक्ती वाहिनी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना स्पष्ट आदेश दिले आहेत, संरक्षण आणि सुरक्षित निवारा मागता येतो. पण नुसती नोकरी हवी असेल, तर १८ लाखांत त्याला जळगावातच चांगलं काही उभं करता येईल.

प्रश्न: माझी आजी वळिवड्याच्या पोलिश कॅम्पात भाजी विकायची. ‘गोऱ्या बायका पण आपल्यासारख्याच उपाशी होत्या’ म्हणायची. तेव्हा त्यांना कुणी मुलाखत विचारली का? (वाचक, कोल्हापूर)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

नाही, एकेकाची अशी उलटतपासणी झाली नाही. १९४० आणि ४१मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो माणसांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं. १९४१मध्ये करार होऊन त्यांना मोकळीक मिळाली. जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर बायका-मुलंही १९४२मध्ये इराणात पोचली. तिथून काही आपल्याकडे आली. जामनगरजवळ बालाचडीला तिथल्या संस्थानाच्या राजांनी, जामसाहेबांनी, अनाथ मुलांना ठेवलं, आणि १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५००० जण राहिले, मुख्यतः बायका आणि मुलं. शाळा, चर्च, सगळं होतं. तो सगळा जथा निर्वासित आहे हे मान्य करूनच त्यांना आणलं होतं.

इथली गंमत वेगळी आहे. अँडर्सच्या सैन्यातले पुरुष युद्धानंतर ब्रिटनमध्ये होते आणि सोव्हिएत छायेतल्या पोलंडला परत जायला तयार नव्हते. ब्रिटिश संसदेने १९४७मध्ये त्यांच्यासाठी खास पुनर्वसन कायदा केला. त्यामुळे वळिवड्यातली कितीतरी कुटुंबं पुढे जहाजाने ब्रिटनला आली. म्हणजे तुमच्या आजीने ज्यांना वांगी-मेथी दिली, त्यांची नातवंडं आज माझ्या शेजारपाजारी असू शकतील. १९५१चा निर्वासितांचा आंतरराष्ट्रीय करार अजून व्हायचा होता, पण गरज कळायला आजीला करार लागला नाही. तिच्या आठवणी लिहून काढा, कॅम्पातले पोलिश शब्द तिला येत असतील तर तेही.

प्रश्न: भारतात कुणी आश्रय मागितला तर काय होतं? (विद्यार्थी, पुणे)

भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकेच्या तमिळांचं सरकार स्वतः बघतं. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटींची वसाहत आहे, जमल्यास जाऊन या. अफगाण, म्यानमारचे वगैरे लोक दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयात नोंद करतात. तिथे मुलाखत होते, ओळखपत्र मिळतं. कायद्याच्या नजरेत मात्र ते ‘परदेशी’च राहतात. आधी १९४६चा कायदा होता, आता २०२५चा आहे.

प्रश्न: मी नांदेडला उर्दू घेऊन एमए करते आहे. मला तुमच्यासारखं काम करायचं आहे. काय तयारी करू? (विद्यार्थिनी)

बेटा, आधी बोलण्यातलं ‘मी’ सांभाळायला शिक. दुभाष्याने प्रथमपुरुषात बोलायचं असतं. समोरची बाई म्हणाली, ‘मला तीन दिवस कोंडून ठेवलं’, तर तूही इंग्रजीत ‘मला’च म्हणायचं. ‘ती म्हणते की तिला’ असं नाही. दिवसाला पाच तास दुसऱ्याचं ‘मी’ तोंडात घेऊन बसायचं आणि मग घरी येऊन कुकर लावायचा. सुरुवातीची वर्षं मी स्टेशनवरून घरी चालत यायचे, पाऊण तास. ट्रेनचा शेवटचा टप्पा मुद्दाम सोडायचे. तेवढ्या वेळात ते शब्द उतरायचे. तुझी वाट तू शोध, पण काहीतरी ठेव.

शिकायचं म्हणशील तर ब्रिटनमध्ये सार्वजनिक सेवांच्या दुभाष्यांसाठी पदविका आहे, कायदा हा त्यातला एक विषय. नांदेडला बसून आत्तापासून करता येईल ते सांगते. एक वही कर. पहिल्या पानावर नाती: चाचा, ताया, फूफा, खालू, साढू, देवर, जेठ, आणि प्रत्येकापुढे इंग्रजीत नुसतं ‘अंकल’ किंवा ‘ब्रदर-इन-लॉ’ न लिहिता कोणाचा कोण ते. दुसऱ्यावर पोलीस ठाण्यातले आणि कोर्टातले शब्द, इकडचे आणि पाकिस्तानातले. तिसऱ्यावर शरीराचे अवयव आणि जखमांचे शब्द: मुका मार, ओरखडा, भाजलं, चिरलं, सुजलं. बायका हे शब्द पुटपुटतात, तेव्हा ते पहिल्यांदा ऐकते आहेस असं तुझ्या चेहऱ्यावर दिसता कामा नये. चौथं पान हिजरी, शम्सी (अफगाणांचं ते वसंतात सुरू होणारं वर्ष) आणि इंग्रजी महिन्यांचं.

वही भरली की मला पाठव. संपादकांकडे माझा पत्ता आहे.